डोळ्यांच्या दवाखान्यातली मधली खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने माझा एक पाय आखूड ठेवला आणि दोष दिला फरशीला. नाचता येईना, अंगण वाकडे! डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टर आणि रुग्ण यांच्या मधोमध माझी जागा आहे.

मित्रांनो, आमच्या भागात दुसऱ्या देशातून आलेली खूप कुटुंबे राहतात. आईवडिलांना इथली भाषा येत नाही. मुले मात्र शाळेत जाऊन वर्षभरात ती चुरूचुरू बोलू लागतात. म्हणून मुलांनाच माझ्यावर बसवून दुभाषी करतात. डॉक्टर त्यांना शाबासकी देत, आईवडिलांची छाती फुगे आणि मीही हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते. ऐकून ऐकून मला दोन्हीकडचे बोलणे कळू लागले होते.

एका सकाळी एक शिंपी आपल्या दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. त्याचा एक डोळा आधीच गेला होता. डॉक्टरांनी दुसरा तपासला आणि मुलीला सांगितले, की आतला पडदा सुटला आहे. उद्याच शस्त्रक्रिया केली नाही तर हाही डोळा जाईल, आणि केली तरी खात्री नाही.

मुलगी वडिलांकडे वळून म्हणाली, "काही नाही, बाबा. थेंब घाला म्हणतात. होईल बरं."

मी हादरलेच! शिंपी हसला. उगाच घाबरलो म्हणत तो उठला, आधारासाठी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच थबकला. मुलगी इतकी थरथरत होती, की माझा आखूड पाय फरशीवर टकटक वाजत होता.

"खरं सांग, बाळा."

"मला ते आपल्या भाषेत बोलवत नाही, बाबा."

माझ्या काळजात धस्स झाले. लाकडाला काळीज नसते असे म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवे होते. आजवर किती मुलांना मी ऐटीत मांडीवर घेतले, आणि त्यांना काय काय बोलावे लागले! मला स्वतःचीच लाज वाटली.

शिंप्याने मुलीला उठवून बाहेरच्या बाकावर पाठवले. मग तो स्वतः माझ्यावर बसला आणि इथल्या भाषेतले मोजके शब्द जुळवत डॉक्टरांना म्हणाला, "मुलगी लहान. मला सांगा. सावकाश."

डॉक्टर क्षणभर ओशाळले. त्यांनी कागदावर डोळ्याचे चित्र काढले. हातवारे झाले, चुकीचे शब्द झाले, पाऊण तास गेला. शेवटी शिंप्याने शस्त्रक्रियेच्या कागदावर सही केली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या मोठ्यांना माझी एक विनंती सांगा. वाईट बातमी सांगायला मोठे माणूस शोधा, आणि नाहीच मिळाले तर तो पाऊण तास खर्च करा. शिंपी चांगला धिप्पाड होता, तरी मला त्याचे ओझे वाटले नाही. ती दहा वर्षांची पोर मात्र मला पेलवली नाही.