सेल्माच्या माडीवरची झडती

माझ्या धाकट्या बहिणीच्या माडीवर मी पहिल्यांदा पाऊल ठेवलं ते पोलिसांबरोबर. ते घर बांधून अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं मला खालच्याच खोलीत बसवून कॉफी पाजली गेली. "वर काय बघायचंय मानांग, पसारा आहे नुसता," असं सेल्मा म्हणायची. मानांग म्हणजे थोरली बहीण, म्हणजे मी. पसारा कसला! वर नदीकडे उघडणारी मोठी खिडकी होती. मासळीबाजारातून येता-जाता मी ती रोज पाहायचे, आणि रोज माझ्या पोटात दुखायचं.

खोटं कशाला बोलू? तिचं घर माझ्या डोळ्यांत खुपायचं, आणि घरापेक्षा तिचा नवरा. क्रिसान्तो पहिल्यांदा आमच्या दारात आला तो माझ्यासाठी. दोन महिने त्याने आमची लाकडं फोडली, आईला पाणी भरून दिलं. मुलगी मागायची आमच्याकडे तशी रीतच होती. तिसऱ्या महिन्यात त्याची नजर माझ्यावरून सेल्माकडे गेली आणि तिथेच राहिली. पुढे मी ज्याच्याशी लग्न केलं तो सौदीला गेला, तो गेलाच. पुरिंग फार तोंडाळ आहे, असं लोक म्हणतात. असेन. माझ्या जागी बसून बघा एकदा.

मी बारांगायची, म्हणजे आमच्या गावसभेची, निवडून आलेली सदस्य आहे. त्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत होते तेव्हा पोलीस आले. झडतीला गावातले दोन साक्षीदार हवेत म्हणून त्यांनी मला आणि गावचा राखणदार बेर्तो याला बरोबर घेतलं. कुणाकडे जायचंय ते वाटेत कळलं. वॉरंट क्रिसान्तोच्या नावाचं होतं. त्याच्या घरात बिनपरवान्याचं पिस्तूल आहे म्हणे.

महिन्यापूर्वीच क्रिसान्तोने एका बड्या माणसाविरुद्ध अर्ज दिला होता. त्या माणसाने नदीत आडवं बांबूचं कुंपण घालून मासे पाळायला तळं केलं होतं. अर्ज दिल्यापासून क्रिसान्तोला धमक्या येत होत्या. तेव्हा कुणी त्याला अडकवत असेल हेही पटण्यासारखं होतं, आणि घाबरून त्याने खरंच पिस्तूल आणलं असेल हेही.

"तुम्ही दोघं इथेच बसा. वर गर्दी नको," पोलिसांच्या साहेबांनी खालच्या खोलीतच सेल्माला आणि क्रिसान्तोला सांगितलं.

"अहो पण घर माझं आहे," सेल्मा म्हणाली.

"साक्षीदार आहेत ना मॅडम. तुमचीच सख्खी बहीण आहे, मग काय?"

सेल्माने माझा हात धरला. "मानांग, नीट लक्ष ठेव हं."

आणि मग ही बाई काय करते? खाली थांबलेल्या दोघा पोलिसांसाठी कॉफी ठेवते, शिवाय पानात गुंडाळलेला गोड भात काढते! आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, मग तो घर उचकटायला आलेला का असेना. आमची सगळी माणसं अशीच.

मी वर गेले. खिडकीतून नदी दिसत होती, पार वळणापर्यंत. पलंगावर फुलांची चादर होती. साहेब आणि एक शिपाई पलंगाच्या बाजूला गेले, बेर्तो दारातच जांभया देत उभा राहिला. मी सरळ कपाटाशी गेले आणि ते उघडलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

सेल्माकडे किती झगे आहेत ते बघायचं होतं मला. पण आत जे दिसलं त्याने माझ्या अंगाची आग झाली. त्याचे कपडे एका बाजूला आणि तिचे दुसऱ्या, असं नव्हतंच. एक त्याचा शर्ट, एक तिचा झगा, परत त्याचा शर्ट, परत तिचा झगा, अशी सगळी दांडी भरली होती. सगळ्यांना कडक इस्त्री. माझ्या कपाटात अर्धी दांडी वर्षानुवर्षं रिकामी आहे. मी त्याच्या निळ्या शर्टाची बाही हातात धरली, आणि धरूनच राहिले.

"मिळालं!" मागून शिपाई ओरडला. मी वळले तेव्हा गादी अर्धी उचललेली होती आणि साहेबांच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल होतं.

खाली जेवणाच्या टेबलावर कागद पुढे आला. त्यावर लिहिलं होतं: घरमालकीण आणि साक्षीदार यांच्यासमोर झडती झाली, काही मोडलं नाही, काही हरवलं नाही. सेल्मा म्हणाली, "पण मी वर नव्हतेच." साहेब म्हणाले, "मॅडम, सगळेच करतात सही." तिने केली. बेर्तोने केली. मीही केली. क्रिसान्तोला घेऊन गेले.

दहा दिवसांनी सेल्मा एका वकीलबाईंना घेऊन माझ्याकडे आली. देमाइसिपबाई गरिबांचे खटले फुकट चालवणाऱ्या सरकारी कार्यालयातल्या, वयाने लहान, बोलायला खमक्या.

"हे बघा, घरमालक घरात असताना त्याला खाली बसवून वर झडती घेता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्या नाहीतर त्याच घरात राहणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखतच ती व्हायला हवी. बाहेरचे साक्षीदार चालतात ते घरचं कुणी नसेल तरच. नियम मोडला असेल, तर मिळालेली वस्तू पुराव्यातून बाद करा, असा अर्ज आपल्याला करता येतो. पिस्तूल बाद झालं की खटल्यात उरतं काय?"

"पण कागदावर माझीच सही आहे," सेल्मा म्हणाली.

"म्हणून तर मानांग पुरिंग हव्यात. बेर्तो पोलिसांचीच री ओढतोय. वर काय झालं ते खरं सांगणारं दुसरं कुणी नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "आणि तुम्ही नेमकं काय पाहिलंत तेही विचारतील हं."

विचार करून सांगते, एवढंच मी म्हटलं.

दोन आठवडे मी विचार करत राहिले. दर रविवारी सेल्मा डबा घेऊन तुरुंगात जायची, त्याचा इस्त्रीचा शर्ट हातावर टाकून. गजाआड असूनही नवरा तिचाच! मला त्याचाही मत्सर वाटला. माडीवरची खिडकी बंद असायची. ती बंद बघून मला बरं वाटलं. हो, वाटलं. मी काही देवळातली मूर्ती नाही. पण पुढच्या रविवारी सेल्मा डबा घेऊन निघाली ती माझ्या दारासमोर मटकन खाली बसली, तेव्हा मात्र मी तिला उठवलं आणि म्हटलं, "येते मी कोर्टात."

कोर्टात निम्मं गाव होतं. सेल्मा खाली होती, तिला वर येऊ दिलं नाही, हे मी सांगितलं. सरकारी वकील उठले.

"तेव्हा सही केलीत आणि आता पलटताय. बहिणीसाठी ना?"

"माझं बहिणीशी किती पटतं ते गावात कुणालाही विचारा, साहेब."

लोक हसले. ते हसले नाहीत. "मग पिस्तूल निघालं ते तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"तुम्ही खोलीतच होतात ना? मग कुठे बघत होतात?"

"कपाटात."

"काय करत होतात कपाटात?"

"शर्टाची बाही धरून उभी होते."

"कुणाच्या शर्टाची?"

सेल्मा समोरच्याच बाकावर होती, क्रिसान्तो दोन शिपायांच्या मधे. "माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या," मी म्हटलं. मागे कुणीतरी खुसखुसलं. सेल्माने मान खाली घातली, आणि लाजेने माझे कान तापले.

महिन्याभराने न्यायाधीशांनी झडती बेकायदा ठरवली. पिस्तूल बाद झालं, खटला कोसळला, क्रिसान्तो घरी आला. बाजारात बायका मला 'बाहीवाली' म्हणायला लागल्या. म्हणोत.

आणि एका दुपारी सेल्मा आली. शर्टाबद्दल काही बोलेल म्हणून मी तयारीत होते. ती बोललीच नाही. नुसती झग्याला हात पुसत बसून राहिली.

"मानांग, एक विचारू? ते पिस्तूल गादीखालून निघालं, की त्यांच्याच खिशातून?"

"कोर्टात सांगितलं ना मी."

"ते कोर्टातलं झालं. मला सांग."

"त्याला विचार की."

"विचारलं. माझं नाही म्हणतो. पण तो तसंच म्हणणार ना? इतकी वर्षं मी त्या गादीवर झोपले, मानांग. आता त्याच्या शेजारी डोळा लागत नाही. तो कुशीवर वळला तरी दचकते मी."

जगात हे खरं सांगू शकली असती अशी एकटी मीच होते, पिस्तूल निघालं तेव्हा दोन पावलांवर, आणि माझी पाठ होती तिकडे. पण तिला कोर्टासारखा पुरावा कुठे हवा होता? 'खिशातून' एवढा एक शब्द पुरला असता. माझ्या तोंडून ऐकला असता तर तिने विश्वास ठेवला असता, आणि घरी जाऊन शांत झोपली असती त्याच्या कुशीत. त्याच्या कुशीत.

"मला माहीत नाही," मी म्हटलं. "मी पाहिलं नाही."

ती मान हलवून उठली आणि गेली. मी बोलले ते खरं होतं. पण ते मी बोलले, ते खरं होतं म्हणून नव्हे.