खालचे चार इंच

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. घरातली दोरे कापणारी नाही हं, वर्तमानपत्राच्या कचेरीतली, चांगली वीतभर पात्यांची आणि काळ्या मुठीची. लोहाराने मला तापवलं, ठोकलं, पाण्यात बुडवलं आणि मी थेट आले ती इंचमामांच्या टेबलावर.

इंचमामा म्हणजे आमचे उपसंपादक. खिशात कायम फूटपट्टी, म्हणून हे नाव. बातमी लांब झाली की ते ती खालून कापायचे. वाचायचे नाहीत, नुसती मोजायचे. "महत्त्वाचं ते वर असतं, खाली सगळा पाचोळा," म्हणायचे, आणि मी कचाकच चालायचे. सगळे माझं कौतुक करायचे आणि मी फुगून जायचे.

मग लांबच्या एका देशात युद्ध पेटलं. कागद मिळेना, आमची आठ पानं चारवर आली आणि मला तर दम खायला फुरसत नाही. त्यातच तिथल्या आमच्या बातमीदाराची लांबलचक तार आली. वर लिहिलं होतं, ऐन युद्धात शेतकऱ्यांचा उठाव, सैन्याचं कोठार फोडलं, चाळीस जण पकडले. मामांनी मोजलं, चार इंच जास्त. झालं, मी ते चार इंच कापले. वर मामांनी मथळा दिला, 'शत्रूला फितूर शेतकऱ्यांचं बंड'.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारबाई अंक घेऊन आल्या. आमच्याकडे तारा त्याच उतरवून घ्यायच्या. मूळच्या त्याच देशातल्या, लग्न होऊन इकडे आलेल्या.

"मामा, खालचं कुठं गेलं?"

"टोपलीत. का?"

"वाचलं होतंत?"

"बाई, तीस वर्षं कापतोय मी."

"म्हणजे नाही वाचलं."

बाईंनी टोपली उपसून ती कापलेली पट्टी काढली आणि मामांच्या पुढ्यात ठेवली. कोठारात शेतकऱ्यांचंच बियाणं होतं. सैन्याने ते उचलून नेलं होतं. लोकांनी तेवढंच परत घेतलं, शेजारच्या बंदुकांना हातही लावला नाही.

"मग हे वर लिहायला काय झालं होतं त्याला?" मामा चिडले.

"तिथला अधिकारी प्रत्येक तार तपासतो. चार ओळी वाचून कंटाळतो, म्हणून खरं ते शेवटी लिहिलं. त्याच्या हातून सुटलं आणि तुमच्या हातात सापडलं."

मामांनी पट्टी शेवटपर्यंत वाचली. मग बाई हळूच म्हणाल्या, "ते आमचंच गाव आहे. माझा धाकटा भाऊ तिथं असतो. पकडलेल्यांत आहे की नाही, कळत नाही."

मित्रांनो, तेव्हा मला माझी धार नकोशी झाली.

मामांनी ती पट्टी दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर छापली, सोबत स्वतःची चूकही. संपादक म्हणाले, "वर्तमानपत्र आहे की माफीनामा?"

चार दिवसांनी आणखी एक तार आली. वर पिकापाण्याच्या चार ओळी आणि खाली पकडलेल्यांची नावं होती. बाई उतरवून घेत होत्या, अडतिसाव्या नावाला त्यांचा हात थांबला. भाऊच. बातमीदाराने लिहिलं होतं, सगळी नावं छापा, म्हणजे यांना गुपचूप मारता येणार नाही.

आणि जागा किती? तीस नावांपुरती.

मामांचा हात सवयीने माझ्याकडे आला. बाई समोरच उभ्या होत्या. मामांनी मला उचललं, खण उघडला आणि आत ठेवून दिलं. मग साबणाची जाहिरात काढून टाकली.

"संपादक ओरडतील हो," बाई म्हणाल्या.

"ओरडू देत. तुम्ही नावं वाचा, एकही गाळू नका."

चाळीस नावं छापली. दुसऱ्या वर्तमानपत्रांनीही ती उचलली. मग तिथल्या सरकारला खटला उघड्या कोर्टात चालवावा लागला. सगळे सुटले नाहीत. बाईंच्या भावाने दोन वर्षं तुरुंगात काढली. पण चाळिसांतला एकही माणूस नाहीसा झाला नाही.

आता मी गंजलेय, खिळाही ढिला झालाय. मला तेल घाला नाहीतर राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. फक्त एवढं करा. अमुक लोकांनी बंड केलं असं वाचलंत, की लगेच पान उलटू नका. का केलं, ते शोधा. कुठंच सापडलं नाही, तर समजा, तिथं माझ्यासारखीच कुणीतरी चालली आहे.