मोकळा खिळा

टण्ण! जेवणाच्या सुट्टीतल्या शांततेत डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि सगळ्यांचे हात घास धरून तसेच थांबले. मित्रांनो, एका आयुधपूजेपासून या कारखान्यात जरा काही वाजलं की अजून असंच होतं.

मी एक जुना, लाल अग्निशामक सिलिंडर आहे. म्हैसूरच्या अग्रहार भागात रंगरावांचा शिवणकारखाना आहे. तिथे मागच्या खोलीतल्या खिळ्यावर मी टांगलेला असे. जवळच स्टो, पलीकडे कातरणांचा ढीग. "पिन ओढायची, नळी आगीच्या मुळाशी धरायची," असं शिकवायला एक माणूस आला, तेव्हा बाकीचे हसत बसले. एकट्या रुक्मिणीबाईंनी मन लावून ऐकलं. मग त्या रोज डोळे मिटून स्टोपासून तीन पावलं चालत, हात वर करत, आणि त्यांची बोटं नेमकी माझ्यावर येत. उबदार बोटं होती ती.

"अत्ते, आंधळी कोशिंबीर पुरे आता!" त्यांची सून सीतालक्ष्मी म्हणे.

"धुरात डोळे उघडे असून काय दिसणार ग?"

मग आयुधपूजा आली. रुक्मिणीबाई देवळात गेल्या होत्या. मशिनी, कात्र्या, सगळ्यांना कुंकू लागलं. सीतालक्ष्मीने मलाही खिळ्यावरून उतरवलं. "वर्षभर राखण करतो बिचारा."

"कसली राखण! सुम्मने, उगाच लटकून असतो," रंगराव हसले.

पुढच्या खोलीत, मशिनींच्या मागे, मी झेंडूत पार बुडून गेलो. खरं सांगतो, मी खूष होतो.

सगळे दृष्ट काढून कोहळा फोडायला रस्त्यावर गेले. देवळातून आलेल्या रुक्मिणीबाई नैवेद्य गरम करायला मागे गेल्या. स्टो भडकला. कातरणं पेटली, आणि बाहेर यायचं एकमेव दार आगीने अडवलं.

मला भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. एक, दोन, तीन पावलं. मग भिंतीवर बोटं. खर्र. जरा थांबून पुन्हा, खर्र. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. रस्त्यावर कोहळा फुटला, टाळ्या वाजल्या. त्यानंतर पलीकडे काहीच वाजलं नाही.

रुक्मिणीबाई गेल्या.

आता मी परत माझ्या खिळ्यावर आहे. कातरणं रोज बाहेर जातात, माझी तपासणी वेळेवर होते. खिळ्याभोवती काजळीत पाच बोटांच्या रेघा उमटल्या होत्या. दोनदा चुना दिला, तरी त्या वर येतातच. मला ओवाळू नका, मित्रांनो. मला जागेवर राहू द्या. आणि हलवलंच, तर एकूणएक माणसाला सांगा.

यंदा सीतालक्ष्मी कुंकू लावायला इथेच आली. कडेवर तिची पाच वर्षांची लेक वनजा होती. तिने त्या रेघांवर आपली चिमुकली बोटं ठेवून पाहिली.

"अम्मा, याला इथून नेलंय, हे आजीला कुणीच कसं सांगितलं नाही?"