बंद सभागृहातली हजेरी

मी एक जुना माईक आहे. एका सरकारी कॉलेजच्या सभागृहात, व्यासपीठाच्या उजव्या कडेला उभा असतो. मित्रांनो, मला टिचक्या मारून किंवा फुंकर घालून तपासायची खोड सोडा. साधं ‘हॅलो’ म्हटलं तरी मला कळतं.

एका छोट्या कारखान्यात एका मावशींनी माझ्या तारा जोडल्या. त्या “एक, दोन, तीन” म्हणाल्या आणि मी जागा झालो. कॉलेजात आलो तेव्हा माझा तोरा काय वर्णावा! बक्षीस समारंभात पाहुणे माझी वाहवा करत. पण मला लळा लागला तो रोजच्या हजेरीचा. वर्ग अपुरे होते, म्हणून पहिल्या वर्षाची मुलं सभागृहातच बसत. गणिताच्या सरांना कमी ऐकू येई. ते नंबर पुकारत आणि एकेक जण माझ्यापाशी येऊन ‘हजर’ म्हणे. कुणी जांभई देत, कुणी धापा टाकत.

मग सरकारने कॉलेजचं अनुदान कमी केलं. निम्म्या मुलांची शिष्यवृत्ती बंद झाली आणि ती मुलं एकेक करून येईनाशी झाली. सर निवृत्त झाले, त्यांची जागा कुणी भरलीच नाही. सभागृहाला कुलूप लागलं. शिपाईकाकांनी माझी तार काढून गुंडाळून ठेवली.

तरीही रोज अकराच्या ठोक्याला माझ्या जाळीतून आवाज येऊ लागला. “हजर.” मग दुसरा, “हजर.” समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या. खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. हळूहळू आवाज ओळखू आले. ते सगळे कॉलेज सोडून गेलेल्यांचे होते. शिकत असलेल्यांचा त्यात एकही नव्हता.

एके सकाळी कुलूप उघडलं. उरलेली शिष्यवृत्तीही बंद करायची का, हे ठरवायला समिती आली होती. महिनाभर खेटे घालून मुलांनी ही सुनावणी मिळवली होती. बोलायला उठली दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. आवाज बारीक, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. शिष्यवृत्ती गेली तर तिचं शिक्षण तिथेच थांबणार होतं.

“तीन मिनिटं आहेत हं, आटप पटकन,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“मॅडम, मी भाषण नाही करत. आमच्या वर्गातून गेलेल्यांचे नंबर तेवढे वाचते. चार.”

“हजर,” माझ्या जाळीतून आवाज आला.

अध्यक्षबाई दचकल्या. “कोण बोललं? काका, बंद करा बघू तो माईक!”

काकांनी हातातली गुंडाळी वर धरली. “बाई, तार जोडायची विसरलोच की हो मी.”

चिमणी थांबली नाही. नऊ. हजर. सतरा. हजर, धापा टाकत. समितीतल्या एकाने पेन खाली ठेवलं.

यादी संपली. चिमणी कागदाची घडी घालू लागली, तोच माझ्यातून आणखी एक आवाज उमटला. बारीक, अडखळता. “ह...”

तिचे ओठ मिटलेले होते. आवाज मात्र तिचाच होता.

मित्रांनो, मला फार वाईट वाटलं. समितीने निर्णय महिनाभर पुढे ढकलला आणि पुन्हा कुलूप लागलं. चिमणी अजून शिकते आहे, पण रोज अकराला तिचा शब्द माझ्या जाळीत थोडा थोडा पुरा होतो आहे. महिना संपायच्या आत या. हे कुलूप उघडायला लावा, तिच्या शेजारी उभे राहा आणि मोठ्याने बोला. तिचं ‘हजर’ मला म्हणायला लावू नका.