व्हॅन एक, मालक पाच

"काढ म्हणतो ना! माझी बॅटरी आत्ताच्या आत्ता काढ!"

चुलतभाऊ हातात पाना घेऊनच आला होता. सकाळी ढकल्याची शेळी त्याच्या वांग्यांत शिरली आणि सगळी रोपं फस्त करून, वर त्याच्याच अंगणात लेंड्या टाकून घरी आली. आता शेळीचा आणि बॅटरीचा संबंध काय? पण भाऊबंदकीत संबंध लागतो कुणाला!

ढकल्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. त्याची जुनी व्हॅन गल्लीतल्या चार माणसांनी ढकलली तरच खोकत खोकत पुढं जायची, म्हणून गावानं त्याला ते नाव चिकटवलं. नवा पार्ट घ्यायची ऐपत नाही, तेव्हा त्यानं व्हॅनचा एकेक अवयव मागून आणलेला. आरसा न्हाव्याच्या दुकानातला. मागचं दार सुताराच्या कपाटाचं, कडीकोयंड्यासकट. डावं चाक दुकानदाराच्या मोडक्या टेम्पोचं. आणि बॅटरी चुलतभावाच्या ट्रॅक्टरची. ती मावेना म्हणून पठ्ठ्यानं सीट कापली होती. पण ती आल्यापासून, आठ दिवस झाले, व्हॅन किल्लीवर सुरू होत होती.

आणि आज अकरा वाजता डेअरीचा मॅनेजर गाडी बघणार होता. त्यानं बजावलं होतं, "आवारात किल्लीवर सुरू झाली तर दुधाचं काम तुमचं. ढकलगाडी मला नको." ढकल्याच्या बायकोनंही बजावलं होतं, "आज काम नाही मिळालं, तर संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावणार. अंगणात मला मिरच्या वाळवायला जागा नाही."

"अरे, एक दिवस थांब," ढकल्या काकुळतीला आला. "उद्या वाजतगाजत आणून देतो."

"तुझा उद्या मी लहानपणापासून बघतोय!" असं म्हणत चुलतभावानं बॅटरीचा नट फिरवायलाही घेतला.

तेवढ्यात ढकल्याची बायको बाहेर आली. "भाऊजी, बॅटरी तुमचीच. पण एवढा अविश्वास असेल तर तिच्याशेजारी बसून जा ना डेअरीत! वांग्यांचं मी भरून देते."

वहिनीपुढं त्याचं चालत नसे. तो पाना मांडीवर घेऊन, तोंड फुगवून बॅटरीशेजारी बसला. पण आरडाओरडा गल्लीभर गेला होता. सख्खा चुलतभाऊ वस्तू परत मागतोय म्हटल्यावर बाकीच्यांचं धाबं दणाणलं. न्हावी अर्धी दाढी सोडून आला. सुतार आला. दुकानदार तर कुलूप लावूनच आला.

"आमचा विश्वास आहे रे तुझ्यावर," न्हावी आत चढत म्हणाला. "पण आरसा डोळ्यांसमोर असलेला बरा."

"दार धाडकन लावू नका," सुतार ओरडला, "माझं आहे ते!"

नऊ मैल ढकल्याला चौघांनी मिळून गाडी चालवायला शिकवली. खड्डा आला की दुकानदार "माझं चाक!" म्हणून किंचाळायचा. डेअरीच्या आवारात गाडी थांबवली तेव्हा ढकल्याचा सदरा घामानं चिंब झाला होता.

मॅनेजर आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, दाराचा कोयंडा वाजवून बघितला. "ही माणसं कोण?"

"आमचीच," ढकल्या म्हणाला. दुसरं काय सांगणार?

"करा सुरू."

ढकल्यानं किल्ली फिरवली. टिक. पुन्हा फिरवली. टिकसुद्धा नाही. मॅनेजरनं घड्याळ बघितलं. ढकल्याला डोळ्यांसमोर मिरच्या वाळत घातलेल्या दिसू लागल्या.

त्यानं चुलतभावाकडं पाहिलं. चुलतभाऊ खाली मान घालून बसला होता. बॅटरीचा नट सकाळी त्यानंच सैल केला होता, आणि नऊ मैलांच्या खड्ड्यांनी बाकीचं काम केलं होतं. गप्प बसला असता तर वांग्यांचा सूड फुकटात निघत होता. त्याचं ओठ चावणं, पाना या हातातून त्या हातात घेणं ढकल्याला दिसत होतं. पण मॅनेजरसमोर विचारणार तरी काय?

"सरक तिकडं!" चुलतभाऊ एकदम खेकसला. त्यानं वायर बसवली, नट करकचून आवळला आणि मॅनेजरला म्हणाला, "साहेब, चूक माझी. गाडीचा दोष नाही. फिरव रे दादा!"

व्हॅन अशी सुरू झाली की आरसा थरथरला, दार वाजलं आणि न्हाव्यानं टाळ्या पिटल्या.

मॅनेजर हसला. "काम तुमचं. आजच रिकामे कॅन घेऊन जा, वाटेतल्या वाड्यांवर टाका. पण या चौघांच्या जागी बारा कॅन बसतील."

चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. डोक्यावर ऊन, पुढं नऊ मैल. आणि प्रत्येकाचा जीव त्याच्या त्याच्या पार्टात.

पहिला चुलतभाऊ उतरला. "उतरा रे. कॅन बसू देत."

ढकल्यानं चौघांच्या जागेवर रिकामे कॅन रचले.

वाडीवाडीवर थांबत, कॅन उतरवत तो गावात पोचला तेव्हा दिवस कलला होता. ते चौघं आडवाटेनं चालत केव्हाच येऊन पारावर टेकले होते, आणि त्यांच्याभोवती अर्धं गाव जमलं होतं. चुलतभाऊ सुजलेले पाय चोळत सगळ्यांना ठणकावून सांगत होता, "आमची व्हॅन लागली डेअरीला! आमची!"

ढकल्यानं ब्रेक दाबला. इतक्या वर्षांत त्या खटाऱ्याला आपली म्हणायला गावात कुणीही तयार नव्हतं.