गोवराचं भाकीत

'येत्या वर्षी काय घडेल' हे पान दर वर्षी उपसंपादक बाईच लावत. पानाची एक रीत होती: भाकीत असं घडवायचं की साप मरावा आणि काठीही मोडू नये. राजकारणात 'नवी समीकरणं जुळण्याची शक्यता', नाटक-सिनेमात 'नव्या दमाच्या कलावंतांकडे लक्ष', आरोग्यात 'काळजी घेणे हिताचे'. तरीही चुकलंच, तर वर्षभरानं ते 'आमची फजिती' या चौकटीत लेखकाच्या नावासकट छापायचं.

यंदा मात्र बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. सकाळीच धाकट्या बहिणीचा फोन आला होता. ती नदीपलीकडच्या दवाखान्यात नर्स.

"ताई, वस्तीतली साठ पोरं गोवराच्या लशीवाचून राहिलीत. दोघांना पुरळ उठलंय. आणि तुम्ही पेपरवाले लिहा, काळजी घेणे हिताचे!"

बाई उठल्या, पाणी प्यायल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मग आरोग्याचा रकाना पुसून त्यांनी लिहिलं: 'नदीपलीकडच्या वस्तीत जानेवारीत गोवराची साथ येईल. साठ मुलांना लस मिळालेली नाही. लस दवाखान्यात रोज दहा ते एक.'

संपादकांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाई, हे भाकीत आहे की दवंडी?"

"दोन्ही, साहेब."

"आणि साथ आली नाही तर? फजितीत तुमचं नाव!"

"आली नाही तर बरंच की."

"स्वतःचं भाकीत बुडावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली ज्योतिषीण पहिल्यांदाच बघतोय! निदान 'शक्यता नाकारता येत नाही' एवढं तरी जोडा."

"त्या शेपटानं एकही आई घरातून उठायची नाही."

साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "छापा. पण नावानिशी."

पान छापून आलं त्या दिवशी बाई दहालाच दवाखान्यात हजर. साडेदहा झाले, अकरा झाले. बाकडी रिकामीच. बाई दारापर्यंत जात, परत येत.

"ताई, बस की जरा! फरशी झिजेल," धाकटी म्हणाली.

तेवढ्यात एक आजोबा पेपर नाचवत आत शिरले. "कुणी लिहिलंय हे? लोकांना भेदरवता काय?"

"मी लिहिलंय," बाई म्हणाल्या.

"मग तुमच्याशी भांडायचंय मला!" आजोबांनी पाठीमागे लपलेल्या नातीला पुढं ओढलं. "पण आधी हिला टोचा."

धाकटीनं सुई उचलली. बाईंचं मात्र तिकडं लक्षच नव्हतं. त्या पुन्हा दाराशी जाऊन रस्त्याकडं बघत होत्या. अजून एकोणसाठ यायची होती.