धरणीचा घोट

तांबं वितळवायची मूस लालबुंद झाली, तशी उर्पी साच्याशेजारी येऊन उभी राहिली. दोन महिन्यांपूर्वी याच अंगणात ओतता ओतता साचा फुटला होता आणि उकळतं तांबं तिच्या भावाच्या, सायरीच्या, दोन्ही डोळ्यांत उडालं होतं. आज ओतणार होता तिचा नवरा, चोके.

भिंतीला टेकून बसलेल्या आंधळ्या सायरीच्या तोंडाला मात्र खळ नव्हती. "दाजी, फुंकणीत दम लावा जरा! आमचा ओझ्याचा लामा तुमच्यापेक्षा जोरात थुंकतो."

"तू गप रे. डोळे गेले, पण जीभ काही जाईना."

दोघे खो खो हसले. उर्पीला हसू आलं नाही. तिला हा उद्योगच नको होता. तिच्या घराण्यात सगळे काळा दगड फोडून सुऱ्या काढणारे. दगड फार तर बोट कापतो. पण बोथटलेली तांब्याची कुऱ्हाड वितळवून पुन्हा नवी होते हे पाहिलं आणि या दोघांना दगड नकोसा झाला.

साचा फुटला तेव्हा गाव म्हणालं, डोंगर कोपला. म्हणून आज तिने रीत दुप्पट पाळली होती. कामाचा दगड हाती घेण्याआधी त्याच्यावर धरणीच्या नावाने चिचेचा, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या दारूचा, घोट ओतायचा. तो बाईनेच ओतायचा, पुरुषाची पाठ असताना, आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. चोके जळणासाठी लेंड्या आणायला गेला तेव्हा तिने दगडी साच्यात दोन घोट ओतले. दगडाने ते मुकाट पिऊन टाकले. थोडी चिचा तिच्या पायाशी सांडली.

चोकेने दोन हिरव्या काठ्यांत मूस धरून उचलली. काठावरून एक थेंब ओघळला आणि नेमका त्या सांडलेल्या चिचेत पडला.

फाट्! थेंब फुटून उडाला, उर्पीची पोटरी भाजली. ती कळवळली, आणि तिची नजर साच्याकडे गेली. चोके मूस कलती करत होता.

"अहो, थांबा! ओतू नका!" तिने साच्याला लाथ घातली. चोकेचा तोल गेला, तांबं कोरड्या राखेत सांडलं आणि तिथेच थिजलं.

"वेड लागलं का तुला?" चोके ओरडला.

"साचा ओला होता. ओल लागली की फुटतं तापलेलं तांबं."

चोकेने साच्यावर हात फिरवला. बोटं ओलसर झाली. तो वाचला होता. पण उर्पीची नजर आता भिंतीशी बसलेल्या भावाकडे वळली.

"उर्पे," सायरीने विचारलं, "कोणी ओला केला गं साचा?"

गप्प बसायची तर रीतच होती. ती त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याचा हात घट्ट धरला.

"मी, दादा," ती म्हणाली. "त्या दिवशी तुझाही मीच केला होता."